‘भूल जाव’ हा इलाज नाही

मागच्या महिन्यात आमच्या भागात मदतनिधीच्या अंदाजपत्रकावर बैठक होती. रेशन किट, शाळेची फी, वकिलाचा खर्च, घरदुरुस्तीचे पत्रे असं एकेक चाललं होतं. मी सुचवलं की दंगलीतून, कोठडीतून, तुरुंगातून आलेल्या माणसांच्या मानसोपचारासाठीही थोडी रक्कम बाजूला ठेवू. एक ज्येष्ठ, ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, हसून म्हणाले, “बेटा, ये सब अमीरों के चोचले हैं. अपने लोग सब्रवाले हैं, भूल जाते हैं.” दोन-चार माना डोलल्या आणि गाडी पुन्हा पत्र्यांवर आली.

तिथे वेळ नव्हता, म्हणून इथे लिहितोय. ‘अपने लोग भूल जाते हैं’ हे वाक्य खोटं आहे. आणि ते आपण इतकी वर्षं एकमेकांना सांगत आलोय की त्यापायी माणसं वाया गेली आहेत.

माझे मोठे मामू जानेवारी १९९३ मध्ये ३१ वर्षांचे होते. मुंबईच्या एका उपनगरात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. ते जळताना त्यांनी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून पाहिलं. आत त्यांचा कारागीर होता. त्यानंतर सव्वीस वर्षं मामू कसे ‘भूल गये’ ते आम्ही घरातल्यांनी पाहिलं. लग्नाच्या मांडवात बसायचं तर दाराकडे तोंड करून. रॉकेलचा वास आला की ताटावरून उठायचं. रात्री दोनदा उठून कडी तपासायची. दुकानाच्या त्या गल्लीवरून जाणारी बस टाळायची आणि त्यासाठी दोन बस बदलून कामावर जायचं. दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब फुटला की हात थरथरायचे आणि मग तोच हात घरातल्या कुणावर तरी उठायचा. छातीत धडधड होते म्हणून ईसीजी किती काढले त्याची मोजदाद नाही, सगळे नॉर्मल. नात्यात याला ‘मामू का गुस्सा’ म्हणायचे. कारागिराचं नाव मात्र घरात कुणी घ्यायचं नाही, हा न सांगता पाळला जाणारा नियम होता.

तुमच्याही घरात असे कुणी मामू, कुणी खाला असतील. मुंबई, भिवंडी, मालेगाव, मिरज, जागा बदलेल. नुसत्या मुंबईचा हिशोब न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे: डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये ९०० मृत, त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीतली माणसं जळताना ज्यांनी पाहिली, त्यांच्या रात्री मामूंच्या रात्रींपेक्षा वेगळ्या असतील असं मला वाटत नाही. मेलेल्यांची आपण निदान मोजणी तरी केली. जे जिवंत राहिले आणि दाराकडे तोंड करून बसले, ते कोणत्याच रकान्यात नाहीत.

मामूंच्या त्या वागण्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, आघातोत्तर ताण विकार, म्हणजेच पीटीएसडी. घडलेली गोष्ट न बोलावता डोळ्यांसमोर, स्वप्नात, वासात परत येते. तिची आठवण करून देणारं सगळं माणूस टाळू लागतो. स्वतःबद्दलचं आणि जगाबद्दलचं मत काळवंडतं: मीच दोषी, कुणावर विश्वास नाही, कशात आनंद नाही. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असतं, म्हणून झोप नाही, दचकणं आहे, राग आहे. महिन्याहून जास्त काळ हे टिकलं आणि रोजचं जगणं त्यामुळे मोडलं, तर डॉक्टर हे निदान करतात. आपल्या मोहल्ल्यात यांतला फक्त शेवटचा भाग दिसतो, राग. पुरुष तापट ठरतो, बाई ‘घबराहटवाली’ ठरते, आणि बाकीचं आत राहतं.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा, म्हणून एक उपमा देतो. आम्ही ज्या प्रणाली चालवतो त्यांत प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का असतो. शिक्का नसलेली एखादी धोक्याची नोंद आत राहिली, तर प्रणाली ती वाचून पुन्हा पुन्हा भोंगा वाजवते, कारण हे आत्ता घडतंय की दहा वर्षांपूर्वी घडलं हे तिला कळत नाही. जिवावर बेतलेल्या क्षणी मेंदू नेमकी अशीच नोंद करतो. भीती, वास, आवाज पक्के बसतात. कधी, कुठे, आधी काय, नंतर काय हा धागा कच्चा राहतो. म्हणून रॉकेलचा वास आला की मामूंसाठी १९९३ आठवत नसे, १९९३ सुरू होत असे. आता अशा माणसाला ‘भूल जाव’ म्हणण्यात काय अर्थ आहे? टाळणं हाच तर आजाराचा कणा आहे. माणूस जेवढं टाळतो, तेवढं ‘ते संपलंय’ हे मेंदूला कळण्याची संधी जाते. म्हणजे आपला लाडका सल्ला औषध तर नाहीच, उलट आजाराला खतपाणी आहे.

ज्येष्ठांचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातली साधारण ७० टक्के माणसं आयुष्यात कधी ना कधी असा आघात झेलतात, आणि त्यांतल्या ५.६ टक्क्यांनाच पीटीएसडी होतो. ज्यांना होतो त्यांतलेही ४० टक्क्यांपर्यंत लोक वर्षभरात सावरतात. दंगलीचा, लढाईचा, बलात्काराचा आघात असेल तर धोका खूप वाढतो, पण तरीही माणूस काचेचा नाही. सावरण्यात सर्वांत मोठा हात आघातानंतर मिळालेल्या आधाराचा असतो, आणि तिथे आपला समाज कुणापेक्षा मागे नाही. मय्यत झाली की तीन दिवस त्या घरी चूल पेटत नाही, डबे शेजारून येतात. ही ताकद आहे. पण चाळिसावा झाला की डबेही बंद आणि विचारपूसही बंद. सहा महिन्यांनीही ज्याला झोप नाही, तो त्या ५.६ टक्क्यांतला असू शकतो, हे आपल्या हिशोबात नाही. त्याला आपण सांगतो, सब्र कर, तुझं ईमान कच्चं आहे.

आता सब्रबद्दल. मी आलिम नाही, पण सूरह यूसुफ तुम्हीही वाचली आहे. ‘सब्रे जमील’ हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत त्या हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचे डोळे मुलाच्या दुःखात पांढरे झाले. घरच्यांनी त्यांना ‘आता पुरे’ म्हटलं. तरीही त्यांनी आपलं दुःख अल्लाहपुढे मांडणं सोडलं नाही. म्हणजे ज्यांना आपण सब्राचा आदर्श मानतो, त्यांनी दुःख गिळून गप्प बसण्याला सब्र म्हटलेलं नाही. मुकाट बसा, हे आपण घातलेलं आहे. बहुधा आपल्याच सोयीसाठी, कारण ऐकून घेणं जड जातं.

‘ये सब अंग्रेजों की बीमारी है’ असंही ऐकलंय. बल्ख शहरचे अबू जैद अल-बल्खी नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेले. शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला, ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’. त्यात राग, भीती, दुःख आणि मनात घोळत राहणारा वसवसा या प्रत्येकाचा वेगळा विचार आहे. मनाचं दुखणं शरीराला लागतं आणि शरीराचं मनाला, हे ते मांडतात. (याचा अर्थ पीटीएसडी मुसलमानांनी शोधला असा नाही. कृपया तसला फॉरवर्ड बनवू नका.) निदानाचं आजचं नाव १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं. तेही कुणा प्रोफेसरला सुचलं म्हणून नव्हे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांनी संघटित होऊन, आपापल्या गटांत बसून, बोलून ते मागून घेतलं. बलात्कारपीडितांवर होणाऱ्या परिणामांबद्दल स्त्रीचळवळीने त्याच दशकात आवाज उठवला होता. म्हणजे हे निदानच मुळात चळवळीचं अपत्य आहे. चळवळीतल्या माणसांनी त्याला श्रीमंतांचे चोचले म्हणणं हा इतिहासाचा अपमान आहे.

आणि असर, जिन्नात, नजर. इथे मी मवाळ बोलणार नाही. झोपेतून किंचाळत उठणाऱ्या मुलीला ज्या दारात नेलं जातं, तिथे बऱ्याचदा पहिला प्रश्न पैशांचा असतो आणि दुसरा तिच्या चालचलनाचा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात पहाटे आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले, कारण त्यांना साखळीने बांधलेलं होतं. एरवाडीचं नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवं. महाराष्ट्रात तर २०१३ पासून कायदाच आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे, मग करणारा कुठल्याही धर्माचा असो. दुसऱ्या बाजूला गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम आहे. मुजावर लोक येणाऱ्याची दुआ करतात आणि त्यालाच आवारातल्या मानसोपचार दवाखान्याकडे पाठवतात. दुआला कुणाचा विरोध नाही. विरोध आहे तो दुआच्या नावाने दवा अडवण्याला.

तर दवा काय आहे? इथे मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्यात बहुतेकांना वाटतं की मानसोपचार म्हणजे आयुष्यभराच्या गोळ्या किंवा ‘येडों का हॉस्पिटल’. पीटीएसडीवरचे सर्वांत भरवशाचे उपचार बोलण्याचे आहेत, आणि ते साधारण आठ ते सोळा बैठकांत संपतात. त्यांची नावं वेगवेगळी आहेत: दीर्घ सामना, विचारप्रक्रिया उपचार, डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ईएमडीआर. कुठे भर आठवणीवर असतो, कुठे तिच्यातून घट्ट बसलेल्या समजुतींवर. पण दिशा एकच. ‘भूल जाव’च्या नेमकी उलट.

२०१९ मध्ये मामू पुन्हा एकदा ईसीजी काढायला महापालिकेच्या एका रुग्णालयात गेले. रिपोर्ट नेहमीसारखाच नॉर्मल. तिथल्या एका तरुण डॉक्टरने कागद परत देताना विचारलं, “चाचा, रात्री काय होतं?” सव्वीस वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. तिथून ते मानसोपचार विभागात गेले. आधी मेडिकलवाल्याकडून वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी हळूहळू कमी केली. या गोळ्यांची सवय लागते आणि पीटीएसडी त्यांनी बरा होत नाही. त्याऐवजी सर्ट्रालिन सुरू केलं. मग एका मानसशास्त्रज्ञ बाईंसोबत आठवड्याला एक अशा चौदा बैठका.

तिथे काय झालं ते मामूंनीच नंतर सांगितलं, आणि लिहायला परवानगीही दिली. बाईंनी त्यांना ती संध्याकाळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला लावली. डोळे मिटून, आत्ता घडतंय अशा शब्दांत, पुन्हा पुन्हा. ते रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायला दिलं. पहिल्या दोन आठवड्यांत त्रास वाढला. मामी म्हणाल्या, बंद करा हे. (हे होतं, आणि याची कल्पना आधी दिलेली असावी लागते. पुष्कळ लोक नेमके इथेच सोडतात.) चौथ्या-पाचव्या आठवड्यात तीच गोष्ट सांगताना अंग कमी थरथरू लागलं. सोबत गृहपाठ: आधी त्या गल्लीवरून बसने जायचं, मग एक स्टॉप आधी उतरून चालायचं, मग गल्लीत उभं राहायचं, भीती उतरेपर्यंत.

आणि तेव्हा कुठे तळाची गोष्ट वर आली. त्या दुपारी कारागिराला ‘तू आत बस’ म्हणून शटर बाहेरून मामूंनीच लावलं होतं. हे त्यांनी मामींनाही कधी सांगितलं नव्हतं. सव्वीस वर्षं ते स्वतःला खुनी समजत होते. बाईंनी ‘तुमची चूक नाही’ असं म्हटलं नाही. ते तर कुणीही म्हणतं आणि ऐकणाऱ्याला पटत नाही. त्यांनी विचारलं, त्या दिवशी चार वाजता तुम्हाला काय माहीत होतं? डिसेंबरच्या दंगलीत काय झालं होतं? डिसेंबरमध्ये शटर लावलेली दुकानं वाचली होती आणि रस्त्यावरची माणसं मारली गेली होती. चार वाजता मामूंना एवढंच ठाऊक होतं, आणि एवढ्या माहितीवर त्यांनी त्याला वाचवण्यासाठी जे करता येईल ते केलं. जाळलं दुसऱ्यांनी. एवढं साधं वाक्य उच्चारायला त्यांना दहा बैठका लागल्या.

मामू आता पूर्ण बरे आहेत असं मी म्हणणार नाही. रात्री एकदा कडी तपासतातच. पण हात उठत नाही. आणि कारागिराचं नाव घरात घेतलं जातं, त्याच्या नावाने फातिहा होते.

माझ्या पिढीतल्या कार्यकर्त्या मित्रांचा आक्षेप वेगळा असतो, आणि तो ज्येष्ठांच्या आक्षेपापेक्षा वजनदार आहे. ते म्हणतात, हा राजकीय प्रश्न आहे, तू त्याला वैद्यकीय करतोस. आम्हाला न्याय हवाय, समुपदेशन नको. मला दोन्ही हवंय. पण न्यायाचं वेळापत्रक बघा. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ चा. मुंबई दंगलीत मृत आणि बेपत्ता झालेल्यांच्या भरपाईबद्दल सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला नोव्हेंबर २०२२ मध्ये. राज्य कायदा-सुव्यवस्था राखण्यात अपयशी ठरलं हे मान्य केलं, आणि बेपत्ता १६८ जणांपैकी ज्यांच्या कुटुंबांना काहीच मिळालं नव्हतं त्यांना शोधून २ लाख रुपये व्याजासह द्या असं सांगितलं. दंगलीनंतर तीस वर्षांनी. तोवर माणसाने झोपायचं नाही का? शिवाय न्यायालय साक्षीदाराकडून क्रमवार, तारीखवार जबानी मागतं. ज्याच्या आठवणीला वेळेचा शिक्काच नाही, तो उलटतपासणीत अडखळतो आणि खोटा ठरतो. साक्षीदाराला नीट झोप लागणं हा खटल्याच्या तयारीचा भाग आहे, चैन नव्हे.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. एकोणीस वर्षांनी, एक जण निकाल ऐकायला जिवंत नव्हता. कबुलीजबाबासाठी छळ झाल्याचा त्यांचा मुद्दा न्यायालयाने मान्य केला. (पुढे सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्याला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.) अशी माणसं घरी येतात तेव्हा आपण काय करतो? हार घालतो, मिठाई वाटतो, व्हिडिओ काढतो, भाषण करायला लावतो. मग ज्याच्या समोर मुलं नसताना वाढली, ज्याला बंद दारामागे झोप येत नाही आणि उघड्या दारातही येत नाही, त्याच्याकडून आपण अपेक्षा करतो की त्याने सोमवारपासून दुकानात बसावं. छळातून आलेल्या माणसांत पीटीएसडीचं प्रमाण खूप असतं, हे जगभर नोंदलं गेलंय. स्फोटांत डब्यातून वाचलेल्या प्रवाशांनाही हेच लागू आहे, आणि त्यांनाही कुणी विचारलेलं नाही.

यावर वाट आहे आणि ती आपल्याच देशात चाललेली आहे. चिलीत पिनोचेतच्या लष्करी राजवटीत छळ झालेल्यांसाठी तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी साक्ष-उपचार नावाची पद्धत काढली. माणूस आपली कहाणी काही बैठकांत सांगतो, ऐकणारा ती लिहून घेतो, दोघं मिळून ती दुरुस्त करतात, आणि शेवटी तो दस्तऐवज त्या माणसाचा होतो. पुरावा म्हणूनही वापरता येतो. वाराणसीच्या मानवाधिकार जन निगरानी समितीने डेन्मार्कच्या छळविरोधी संस्थेसोबत ही पद्धत उत्तर प्रदेशात पोलिसी छळ झालेल्यांसाठी आणली. तिथे शेवटी गावासमोर ती साक्ष वाचून त्या माणसाचा सन्मान करतात. बघा, इथे उपचार आणि न्याय एकाच कागदावर आले की नाही?

मात्र सांगायला लावणं आणि उपचार यांत फरक आहे, आणि हा फरक आमच्यासारख्या संघटनांनी आधी शिकायला हवा. घटनेच्या दुसऱ्या दिवशी सत्यशोधन समिती येते, मग पत्रकार, मग नेते, आणि एकाच बाईला एकच प्रसंग आठ वेळा कॅमेऱ्यासमोर सांगावा लागतो. तिला यातून काही मिळत नाही. आघातानंतर लगेच सगळ्यांना बसवून एकदाच सगळं बोलून घ्यायची जी पद्धत होती, तीसुद्धा वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिल्या दिवसांत लागतं ते साधं: सुरक्षित जागा, पाणी, घोंगडी, घरच्यांशी फोन, आणि कुणी बोललंच तर ऐकणारं माणूस. जबानी एकदाच, तिच्या परवानगीने, नीट नोंदवा. तीच सगळ्यांनी वापरा.

“पण धोका संपलाय कुठे?” हा प्रश्न राहतो, आणि त्याला मी टोलवणार नाही. ‘आघातोत्तर’ म्हणायला आघात मागे पडलेला असावा लागतो. १९९३ नंतर हजारो कुटुंबं मुंब्र्याला गेली, ती आजार म्हणून नव्हे; ती जीव वाचवायला गेली. ज्याला खरोखर धोका आहे त्याला ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ म्हणणारा समुपदेशक नालायक आहे. पण धोका चालू असतानाही उपचार लागू पडतो, असं दाखवणारं काम आहे. युगांडातल्या निर्वासितांच्या वसाहतीत, युद्ध तोंडावर असताना, सुदानी निर्वासितांवर असाच कहाणी सांगण्याचा उपचार करून पाहिला. फक्त चार बैठका. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर या गटातल्या २९ टक्क्यांना पीटीएसडी उरला होता, तर नुसतं समुपदेशन मिळालेल्यांत ७९ टक्क्यांना. पुढे तिथे निर्वासितांमधूनच माणसं निवडून त्यांना प्रशिक्षण दिलं, आणि त्यांच्या हातूनही गुण आला. शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने पदवी नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून नैराश्यावर उपचार करून दाखवले आहेत. म्हणजे प्रत्येक मोहल्ल्यात मानसोपचारतज्ज्ञ हवाच असं नाही. वर डॉक्टर आणि खाली दहा शिकलेली, तोंड बंद ठेवता येणारी माणसं पुरतात. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे, हे आपल्या मोहल्ल्यात राहणाऱ्या कुणालाही पटेल.

एक गोष्ट तुमच्या हातातल्या फोनची. झुंडीने कुणाला मारल्याचा व्हिडिओ आला की तो दहा गटांत ढकलणं म्हणजे जागृती, अशी समजूत आहे. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर अमेरिकेत एक अभ्यास झाला. त्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त स्फोटाच्या बातम्या-दृश्यं पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताण दिसला, प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त. व्हिडिओ वकिलाला द्या, पोलिसांत द्या, पत्रकाराला द्या. खालाच्या कौटुंबिक ग्रुपवर टाकून कोणता न्याय मिळणार आहे? आणि बॉसने मेल उशिरा पाठवला की ‘ट्रॉमा’ झाला म्हणणाऱ्या रील्सही थोड्या कमी बघा. शब्द असा झिजवला की खऱ्या माणसाकडे उरत नाही.

माझी मागणी लहान आहे. जमाती, ट्रस्ट आणि आपल्यासारख्या संघटनांनी मदतनिधीत हा एक रकाना उघडावा. डायलिसिससाठी गरजू रुग्णाला आपण जकात देतोच. चौदा आठवडे बसभाडं आणि बुडालेली मजुरी देणं त्याच्यापुढे काहीच नाही. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत तपासणी जवळजवळ फुकट आहे. माणूस तुटतो तो दर आठवड्याला खाडा परवडत नाही म्हणून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे उपचार मिळणं हक्क केलाय, आणि विमा कंपन्यांनाही इतर आजारांसारखंच मनाचं आजारपण धरावं लागतं. नोकरीवाल्यांनी आपल्या पॉलिसीत ते बघून ठेवा.

घरी असं कुणी असेल तर आधी विचारा, रात्री काय होतं. उत्तर आलं नाही तर लगेच पुन्हा विचारू नका, पंधरा दिवसांनी विचारा. जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणालं तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठी-हिंदीत बोलतात. डॉक्टरला स्पष्ट विचारा: हा पीटीएसडी आहे का, आणि इथे आघातासाठीचा बोलण्याचा उपचार शिकलेलं कुणी आहे का? नसेल तर कुठे आहे ते लिहून घ्या. नुसत्या झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या तर का, ते विचारा. बाई असेल आणि तिला बाई डॉक्टर हवी असेल तर तसं सांगा, लाजू नका. केसपेपरची रांग सकाळी आठच्या आधी लागते. पहिल्या दिवशी सोबत जा, पण आत बोलावल्याशिवाय आत जाऊ नका. बाहेर बाकावर बसा आणि बाहेर आल्यावर ‘काय काय बोललास’ असं विचारू नका.